कांचेवर आदळलेला पाहुणा

घरांत एखादी वस्तु पडली म्हणजे ती कोणती, हें जुन्या गृहिणीस न पाहतां नुसत्या आवाजावरून कळतें. पितळेचें भांडें, चिनी मातीचा पेला, उतरंडीवरचें मडकें, प्रत्येकाचा आवाज निराळा. आमच्या घरीं गेल्या तीन वर्षांत या ओळखींत आणखी एका आवाजाची भर पडली. तो कांहीं मोठा नसतो. ओलें धोतर दगडावर हलकेंच टाकावें, तसा तो बोथट ‘थप्’ असा आवाज. तो कानीं पडला कीं आमची धाकटी पुतणी हातांतलें पुस्तक टाकून जिन्याखालच्या अंगणाकडे धांव घेई. कारण कोणी तरी उडता पांथस्थ जिन्यावरील कांचेस धडकून खालीं कोसळला आहे, हें ती समजून चुके. हल्लीं तो आवाज क्वचितच ऐकूं येतो. तो कां थांबला, तें पुढें येईलच.

अशा प्रसंगीं काय करावें, आणि विशेषतः काय करूं नये, हें आम्ही एका चुकीनंतर शिकलों. त्या चुकीचें प्रायश्चित्त मात्र आम्हांस नव्हे, एका निरपराध जीवास भोगावें लागलें. तशीच चूक आमच्या वाचकांच्या हातून होऊं नये, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

एक चूक

आमचा वाडा पडावयास आला, तेव्हां तो उतरवून त्याच जागीं दादांनीं नवें घर बांधलें. आत्याबाई, दादा-वहिनी, आम्ही उभयतां आणि दोन्ही भावांचीं मिळून चार मुलें, असें आमचें कुटुंब पूर्वीप्रमाणेंच एका चुलीवर जेवतें. दादांचें बाळपण वाड्याच्या अंधाऱ्या जिन्यांत दोराला धरून चढण्या-उतरण्यांत गेलेलें. नव्या घरांत त्यांनीं त्याचें उट्टें काढलें. जिन्याच्या वळणावर सहा फूट उंच व पांच फूट रुंद अशी एकसंध कांच त्यांनीं बसविली. सकाळीं जिना उतरतांना समोरची सारी टेकडी, तिच्यावरचीं झाडें आणि वरचें आकाश नजरेंत भरतें. येणाऱ्या-जाणाऱ्यास दादा प्रथम ती कांच दाखवीत आणि मग चहा विचारीत.

त्या वर्षीं माघ महिन्यांत एके दिवशीं आठाच्या सुमारास तो आवाज प्रथम झाला. खालीं जाऊन पाहतों तों तुळशीवृंदावनापाशीं एक तांबट उताणा पडलेला. हिरवें अंग, कपाळावर व छातीवर तांबडा ठिपका; भर दुपारीं वडा-पिंपळावरून ज्याची ‘टुक् टुक्’ तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखी ऐकूं येते, तोच हा पक्षी. चोंच उघडी, डोळे अर्धवट मिटलेले, पण छाती धपापत होती. क्षणांत सारें घर भोंवतीं गोळा झालें. पुतणीनें त्यास ओंजळींत घेतलें. कोणी वारा घालूं लागलें, कोणी डोक्यावर पाणी शिंपडलें. “घसा सुकला असेल बिचाऱ्याचा, दोन थेंब घाला तोंडांत,” असें कोणी तरी म्हणालें, आणि आम्हीं स्वतः पळीनें त्याच्या चोंचींत पाणी सोडलें. हें लिहितांना संकोच वाटतो; पण लिहिणें भाग आहे. पक्ष्यानें एकदां मान झटकली, चोंचीशीं बुडबुडा आला, पाय ताणले गेले, आणि पुतणीच्या ओंजळींतच तो निपचित झाला.

आत्याबाईंनीं त्यास पारिजातकाच्या मुळाशीं पुरविलें. रात्रीं पुतणी पानावर बसेना. आम्ही समजूत घालावयास गेलों, तेव्हां तिनें विचारलें, “काका, त्याला कांचेनें मारलें कीं आपण?”

“अग, एवढ्या जोरानें आपटल्यावर तो कसला वांचतो!” असें दादा म्हणाले. आमच्याजवळ उत्तर नव्हतें. तें चार दिवसांनीं आमच्या परिचयाच्या एका पशुवैद्यांनीं दिलें, आणि तें ऐकून आमची मान खालीं गेली.

ते म्हणाले, “मार लागून तो कदाचित् मेलाही असता. पण जगण्याची जी कांहीं आशा होती, ती तुम्हीं पाण्यानें संपविली. पक्ष्याच्या श्वासनलिकेचें तोंड जिभेच्या मुळाशींच उघडतें. शुद्धीवर असलेला पक्षी पाणी पितांना तें मिटून घेतो. भोंवळ आलेल्यास तें भान नसतें. पळीभर पाणी त्याच्या पोटांत गेलें नाहीं, फुप्फुसांत गेलें. दुसरें असें कीं, आपल्या छाती-पोटामध्यें असतो तसा श्वासपटल पक्ष्यास नसतो. छातीचें हाड पुढें-मागें हालेल तेव्हांच त्याचा श्वास चालतो. मुलीनें मायेनें मूठ आवळली असेल, तर तिनें त्याचा श्वासच कोंडला. आणि तिसरें, तुम्ही नऊ जण त्याच्या भोंवतीं उभे होतां. तुमच्या लेखीं ते नऊ शुश्रूषक, त्याच्या लेखीं नऊ वाघ.”

तात्पर्य, त्या दिवशीं आम्हीं जें जें दयाबुद्धीनें केलें, तें तें सर्व त्या पक्ष्याच्या मुळावर आलें. दया ही मनाची गोष्ट आहे खरी. पण तिला ज्ञानाची जोड नसेल, तर ती निर्दयतेइतकीच घातक होऊं शकते. पुतणीच्या प्रश्नाचें आम्हीं तिला खरें उत्तर दिलें. ती रडली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, “मग पुढच्या वेळीं काय करायचें?”

पक्ष्यास कांच कां दिसत नाहीं?

कोणी म्हणेल, एवढी तीक्ष्ण नजर असलेल्या प्राण्यास समोरची कांच दिसूं नये काय? परंतु कांच ही आपल्यालाही दिसत नसते. चौकट, मूठ, पडदा, धूळ अशा खुणांवरून ती तेथें असावी, हें आपण अनुमानानें जाणतों. नव्या घरांत पाहुण्यानें बंद कांचेच्या दारावर कपाळ आपटून घेतल्याचे प्रसंग थोडेथोडके नाहींत. पक्ष्यांजवळ तें अनुमान नाहीं. कांचेंत झाडाचें प्रतिबिंब पडलें कीं त्यांच्या दृष्टीनें तें झाडच. पलीकडे खिडकीतून आकाश दिसलें कीं ती मोकळी वाटच. आमच्या दादांना जी टेकडी कांचेंतून आंत दिसते, तीच टेकडी पक्ष्यास कांचेवर बाहेरून दिसते. दोघेही तिच्यावर लुब्ध. पण दादा जिन्यांत उभे असतात, आणि पक्षी वेगानें उडत असतो.

अमेरिकेंत पेन्सिल्व्हानिया संस्थानांतील म्यूलेनबर्ग कॉलेजचे प्राध्यापक डॅनिएल क्लेम यांनीं १९७० नंतरच्या दशकापासून या एकाच विषयाचा पाठपुरावा केला. कांचेवर आदळून मेलेल्या पक्ष्यांची मान मोडते, असा सामान्य समज होता. क्लेम यांनीं मृत पक्षी तपासून दाखविलें कीं, मृत्यूचें कारण बहुधा मान मोडणें हें नसून डोक्यास बसलेला मार व मेंदूंतील रक्तस्राव हें असतें. म्हणूनच कित्येक पक्षी आपटल्यावर थोडा वेळ बसून उडून जातात, आपल्याला हायसें वाटतें, आणि ते पुढें कोठें तरी झुडुपांत मरून पडतात.

या अपघातांची एकंदर संख्या ऐकली म्हणजे मन थक्क होतें. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अंदाजाप्रमाणें एकट्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दर वर्षीं साडेछत्तीस कोटींपासून जवळजवळ नव्याण्णव कोटींपर्यंत पक्षी इमारतींवर आदळून मरतात. त्यांतही चमत्कार असा कीं, गगनचुंबी इमारतींच्या वांट्यास यांपैकीं शेंकडा एक देखील येत नाहींत. सुमारें ५६ टक्के मध्यम उंचीच्या इमारतींवर आणि ४४ टक्के राहत्या घरांवर मरतात. म्हणजे हा दोष कोण्या दूरच्या मनोऱ्याचा नाहीं. तो तुमच्या-आमच्या जिन्यावरच्या कांचेचा आहे.

काय करावें?

पशुवैद्यांनीं सांगितलेला विधि पुतणीनें एका वहींत उतरवून ती वही जिन्याखालच्या फळीवर ठेविली. तो येथें देतों.

पक्षी पडला असें दिसतांच प्रथम मांजर, कुत्रें व कावळे यांस दूर करावें. भोंवळ आलेला पक्षी जमिनीवर जितका वेळ पडून राहील, तितकें त्यांचें फावतें. जवळ जातांच तो आपण होऊन झाडावर उडून बसला, तर त्याच्या पाठीस लागूं नये. उडत नसेल, तर एक हलकें सुती फडकें त्याच्या अंगावर अलगद टाकावें. डोळ्यांपुढें अंधार झाला कीं पक्षी शांत होतो. मग फडक्यासकट, दोन्ही हातांनीं, पंख अंगाशीं मिटतील अशा बेतानें त्यास उचलावें; छाती मात्र दाबूं नये.

जोड्याचें किंवा औषधाचें पुठ्ठ्याचें खोकें पुरतें. त्यास वायूसाठीं भोंकें पाडावयाचीं, तीं पक्षी आंत ठेवण्यापूर्वींच पाडून ठेवावींत. तळाशीं जुनें मऊ कापड पसरावें. दोरे निघालेलें किंवा टॉवेलासारखें फासे असलेलें कापड नको, कारण त्यांत नख्या अडकतात. पिंजरा तर मुळींच नको. शुद्धीवर येतांच पक्षी गजांवर धडका घेऊन पंख मोडून घेतो. झांकण लावून तें खोकें घरांतील अंधाऱ्या, निवांत खोलींत ठेवावें. थंडीचे दिवस असतील, तर कोमट पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून खोक्याच्या एका बाजूस बाहेरून टेकवावी. म्हणजे पक्ष्यास ऊब हवी तर तो जवळ सरकेल, नको तर दूर जाईल. पक्ष्याच्या अंगाची उष्णता मूळचीच ४० अंश सेल्सिअसच्या वर असते, म्हणून उन्हाळ्यांत ऊब देण्याचें कारण नाहीं. उलट खोकें उन्हांत राहणार नाहीं, एवढें पाहावें.

यानंतरचा उपचार सर्वांत कठीण. तो म्हणजे कांहींही न करणें. पाणी नको, दाणे नकोत, भात नको, दूध तर नकोच नको. माणसांचें डोकेंदुखीचें औषध चूर्ण करून देण्याचा मोहही कोणास होऊं नये. अंगावरून हात फिरवूं नये. आपल्या कुरवाळण्यानें तो ‘माणसाळला’ असें आपल्याला वाटतें. वस्तुतः तो भीतीनें थिजलेला असतो. अर्ध्या अर्ध्या तासानें खोक्याशीं कान लावावा. आंत नख्यांची खरखर किंवा पंखांची फडफड ऐकूं आली, म्हणजे पाहुणा निघण्याच्या तयारींत आहे असें समजावें.

बहुधा तासा-दोन तासांत हा निकाल लागतो. मग खोकें कांचेपासून दूर, झाडाझुडुपांजवळ न्यावें, जमिनीवर ठेवून झांकण उघडावें आणि आपण मागें सरावें. ‘उड’ म्हणून त्यास हवेंत फेंकूं नये. दिवसा हिंडणारा पक्षी संध्याकाळीं सांपडला, तर त्यास रात्रभर खोक्यांत राहूं द्यावें व उजाडतां सोडावें.

परंतु एक पंख लोंबत असेल, रक्त येत असेल, मान एका बाजूस कलत असेल, चोंच उघडी टाकून श्वास चालला असेल, किंवा दोन तासांनींही तो उभा राहत नसेल, तर घरगुती उपचाराची मर्यादा संपली असें समजावें. त्यास पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे पोंचवावें, अथवा वनखात्यास कळवावें. महाराष्ट्रांत त्यासाठीं १९२६ हा दूरध्वनि क्रमांक आहे. मांजराच्या तोंडून सोडविलेला पक्षी तर वरून धडधाकट दिसला तरी वैद्याकडे नेलाच पाहिजे. कारण मांजराच्या दांतांतील व नखांतील जंतु सुईएवढ्या जखमेंतून रक्तांत शिरून त्याचा प्राण घेतात. आणि सर्व आटोपल्यावर हात साबणानें स्वच्छ धुवावेत, हें मुलांस आवर्जून सांगावें.

येथें आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. उन्हाळ्यांत झाडाखालीं आखूड शेपटीचें, पिसें फुटलेलें, टुणटुण उड्या मारणारें पिल्लूं दिसतें; तें कांचेवर आदळलेलें नसतें. तें उडावयास शिकत असतें, व आईबाप जवळच घांस घेऊन थांबलेले असतात. त्यास खोक्यांत घालणें म्हणजे दयेच्या पोटीं मुलास आईपासून चोरणें होय. फार तर मांजर हाकलावें आणि त्यास जवळच्या फांदीवर ठेवावें. माणसाचा हात लागला कीं आई पिल्लास टाकते, ही समजूत खरी नाहीं.

नवरंग येतो

ज्येष्ठ महिना, जूनचा पहिला आठवडा. रात्रीं वळवाची सर येऊन गेली होती. पहांटे साडेपांचाच्या सुमारास तोच बोथट आवाज. आम्ही अंथरुणांतून उठून खालीं जाईतों पुतणी अंगणांत पोंचलेलीही होती.

कांचेखालच्या फरशीवर एक पक्षी पंख पसरून पडला होता. असा पक्षी आम्हीं आयुष्यांत जवळून पाहिला नव्हता. पाठ हिरवी, पंखांवर निळा चकाकता पट्टा, गळा पांढरा, पोट पिवळसर बदामी, डोळ्यांवरून काळी रेघ, आणि आंखूड शेपटीखालीं कुंकवासारखा लाल रंग. पुतणी पुटपुटली, “नवरंग.”

हा नवरंग मोठा विलक्षण पाहुणा आहे. वजन जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम. म्हणजे तो हातांत घेतला तर लहानसें लिंबू घेतल्यासारखें वाटेल. थंडीचे दिवस तो दक्षिण हिंदुस्थानांत व सिंहलद्वीपांत काढतो, आणि पावसाळ्याच्या तोंडाशीं हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य भारत व पश्चिम घाट येथील रानांत वीण घालण्यासाठीं येतो. हा प्रवास तो रात्रीं करतो. पहांटे थकून उतरतो, तो कोठेंही. एखाद्या घराच्या न्हाणीघरांत, गच्चीवर, कचेरीच्या वऱ्हांड्यांतही तो सांपडतो. शहरांतील दिवे त्यास चकवितात. आमच्या जिन्यांतला दिवा रात्रभर जळत असे. म्हणजे शेंकडों कोस उडून आलेल्या या जिवास आम्हींच दिवा दाखवून कांचेवर आणलें होतें म्हणावयाचें!

पुतणीनें फडकें टाकलें, त्यास उचललें, आणि फळीवरच्या खोक्यांत ठेवून झांकण लावलें. हें सारें एका मिनिटांत झालें असेल. आम्हीं पुढें हात केला, तेव्हां तिनें मान हालविली, आणि आम्हीं तो मुकाट्यानें मागें घेतला. आमच्याकडे पळी मागावयास या वेळीं कोणी आलें नाहीं. खोकें कोठीच्या खोलींत ठेविलें गेलें, आणि दाराशीं पाट टाकून आत्याबाई जपाची माळ घेऊन बसल्या. त्यांच्या पहाऱ्यापुढें मुलांचें कांहींएक चालेना. “आत्या, एकदांच पाहूं दे,” असें आमच्या आठ वर्षांच्या चिरंजीवांनीं तीनदां विनविलें. आत्याबाईंनीं तीनदां ओठांवर बोट ठेविलें.

सहा वाजले. आंत शांतता. साडेसहाला पुतणी कान लावून आली, कांहीं बोलली नाहीं. वहिनींनीं चहा केला, पण कोणी मोठ्यानें बोलेना. घरांत कोणाचें दुखणें असावें तशी ती सकाळ होती. दादा जिन्यांत त्या कांचेपाशीं उभे होते. कांचेवर आदळलेल्या जागीं धुळींत पिसांचा पुसटसा ठसा उमटला होता. पसरलेले दोन पंख आणि मधोमध लहानसा गोल डाग. त्याच्या वर जेमतेम हातभर अंतरावर, चिरंजीवांनीं माघांतल्या प्रसंगानंतर चिकटविलेली काळ्या कागदाची घार तशीच होती. तिनें कोणास भिवविलें नव्हतें.

सात वाजतां आंत खरखर झाली.

पिंजरा कीं आकाश

येथें एक लहानसें बंड उद्भवलें. “आपण त्याला ठेवूं या,” असें चिरंजीव म्हणाले. “मी त्याला गांडुळें आणून देईन. तो बाहेर गेला तर पुन्हां आपटेल.” बोलणें अगदींच पोरकट नव्हतें. बाहेर कांच होतीच. दादांनींही विचारलें, “दोन दिवस ठेवून अशक्तपणा जाऊं द्यावा, हें बरें नाहीं का?”

कायद्याचा विचार केला, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानपक्षी घरांत बाळगण्यास मनाई आहे. संकटांतून सोडविण्यापुरता हात लावणें वेगळें, आणि पाळणें वेगळें. पण चिरंजीवांस कायद्यानें पटेना. त्यांस पटविलें तें आत्याबाईंनीं. त्या म्हणाल्या, “बाळ, पाहुणा आजारी पडला तर आपण त्यास अंथरूण देतों; बरा झाल्यावर त्याच्या वाटेस कुलूप लावतों का? त्याच्या घरचीं वाट पाहत असतील.” सिद्धार्थ व देवदत्त यांच्यांत हंसावरून जो वाद झाल्याचें मुलांस पाठ आहे, त्याचा निवाडाही हाच होता: जो वांचवितो त्याचा पक्षी. मात्र वांचविणाऱ्याचा तो हक्क पक्ष्यास सोडून देण्यानेंच पुरा होतो.

अंगणाच्या टोंकास, कांचेपासून दूर, करवंदीच्या जाळीपाशीं खोकें ठेविलें. पुतणीनें झांकण काढलें आणि ती दहा पावलें मागें सरली. कांहीं क्षण कांहींच घडलें नाहीं. मग खोक्याच्या कांठावर तो उभा राहिला. आंखूड शेपटी दोनदां खालीं-वर हालली. त्यानें मान वळवून एकदां आमच्याकडे पाहिलें, आणि जमिनीलगत निळी रेघ ओढल्यासारखा तो जाळींत शिरला. पाचोळा उलटविल्याचा आवाज कांहीं वेळ येत राहिला; मग तोही थांबला.

तो पुढें जगला का? क्लेम यांच्या अनुभवाप्रमाणें उडून गेलेला प्रत्येक पक्षी जगतोच असें नाहीं, हें आम्हीं मुलांपासून लपविलें नाहीं. जी संधि त्या तांबटास मिळाली नव्हती, ती यास मिळाली, एवढेंच आमच्या हातीं होतें.

एक हजार ऐंशीं ठिपके

त्याच दिवशीं दुपारीं दादांनीं स्वतः विषय काढला. “या कांचेचें काय करावें?” आम्हीं पडदा सुचविला. पण पडदा आंतून. प्रतिबिंब बाहेरून पडतें, तें पडद्यानें जात नाहीं. घारीचें चित्र एकच असलें कीं पक्षी तें टाळून शेजारच्या मोकळ्या कांचेवर जातो, हें डोळ्यांनीं पाहिलेंच होतें. शास्त्रज्ञांचा अनुभव असा कीं, कांचेच्या बाहेरच्या अंगास, सर्व पृष्ठभागावर, दोन दोन इंचांच्या अंतरानें खुणा असल्या म्हणजेच पक्षी त्यास अडथळा समजतो. कारण त्याहून मोठ्या फटींतून निसटून जाण्याची त्यास उमेद असते. खूण कसलीही चालेल: ठिपके, रेघा, टांगलेल्या दोऱ्या, बाहेरून ताणलेली जाळी.

“दोन इंच म्हणजे तीन बोटें,” आत्याबाई म्हणाल्या. “मग ही तर ठिपक्यांची रांगोळीच!”

सहा फूट उंचीस छत्तीस ओळी, पांच फूट रुंदीस तीस. एकंदर १०८० ठिपके. आत्याबाईंनीं खालून सूत धरलें, पुतणीनें शिडीवरून ठिपके दिले. प्रथम चुना वापरला. मृगाच्या पहिल्या सरीनें तो वाहून गेला. मग पांढरा तेलरंग आणून पुन्हां आरंभ. दादा खालीं उभे राहून पाहत होते. त्यांची टेकडी ठिपक्यांच्या मागें गेली, याचें त्यांस वाईट वाटलें नसेल असें नाहीं. पण शेवटची ओळ पुरी होईना, तेव्हां त्यांनींच कुंचला घेतला. जिन्यांतला दिवाही रात्रीं दहानंतर मालवावयाचा, असा नियम झाला.

या उपायाचा गुण केवढा, याचें मोठें उदाहरण अमेरिकेंत घडलें आहे. शिकागो शहरीं सरोवराच्या कांठीं मॅककॉर्मिक प्लेस नांवाची प्रचंड कांचेची इमारत आहे. ५ ऑक्टोबर २०२३ च्या आदल्या रात्रीपासून सकाळपर्यंत तेथें सुमारें एक हजार स्थलांतरी पक्षी आदळून मेले. त्यानंतर २०२४ सालीं त्या कांचेवर बारीक ठिपक्यांचा पारदर्शक पापुद्रा चिकटविण्यांत आला, आणि पुढच्या हंगामांत मृत्यूंची संख्या सुमारें ९५ टक्क्यांनीं घटली. म्हणजे आत्याबाईंची रांगोळी आणि शिकागोचा पापुद्रा यांचें शास्त्र एकच.

आमच्या कांचेवर ठिपके पडल्यास आतां दोन वर्षें होऊन गेलीं. या अवधींत त्या कांचेखालीं एकही पक्षी मरून पडला नाहीं. एक दयाळ वसंतांत येऊन स्वयंपाकघराच्या लहान कांचेवर चोंचीनें टकटक करतो. पण तो अपघात नव्हे, तें युद्ध आहे. कांचेंतील आपल्या प्रतिबिंबास तो प्रतिस्पर्धी समजतो. वहिनी चार-आठ दिवस तेथें बाहेरून वर्तमानपत्र चिकटवितात, म्हणजे शत्रु नाहींसा होतो व वीरही शांत होतो.

दादा येणाऱ्या-जाणाऱ्यास अजूनही प्रथम कांचच दाखवितात. मात्र आतां टेकडीविषयीं न बोलतां ते ठिपक्यांचा हिशेब सांगतात, आणि कोणाचें नवें घर होत असल्याचें कळलें, तर चहा थंड होईपर्यंत सोडीत नाहींत.

राहतां राहिली एक गोष्ट. नवरंग जाळींत शिरला, त्या दिवशीं संध्याकाळीं दिवेलागणीस अंगणाच्या टोंकाकडून दोन सुरांची एक स्वच्छ शीळ आली. नवरंग पहांटे व सांजवेळीं अशी शीळ घालतो. तमिळ भाषेंत त्याच्या नांवाचा अर्थच ‘सहा वाजतांचा पक्षी’ असा आहे. ती शीळ त्याचीच होती, कीं त्याच वाटेनें जाणाऱ्या दुसऱ्या कोणाची, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण पुतणी परवचा म्हणतां म्हणतां थांबली, ऐकत राहिली, आणि त्या रात्रीं पोटभर जेवली.